सरकारकडे सगळं आहेच, मग दुकानदाराला नंबर दिला तर काय झालं?

मागच्या अंकात आधारच्या झेरॉक्सबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की कुठेही फोटोकॉपी देऊ नका, मास्क्ड, म्हणजे आकडे झाकलेलं आधार द्या. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की हे सदर या वेळी पूर्ण त्याच विषयाला दिलंय. विषयच असा आहे म्हणून कुणाचंही नाव छापलेलं नाही, फक्त भाग लिहिलाय.

प्रश्न (मुलुंड): ताई, मी बँकेतून रिटायर झालोय. मॉलमध्ये बिल करताना काउंटरवरची मुलगी मोबाइल नंबर मागते, मी देऊन टाकतो. मुलगा भयंकर चिडतो. माझं म्हणणं, सरकारकडे माझं आधार, पॅन, पेन्शन, मतदार यादी, घराचा टॅक्स सगळं आहे, तिथे काही लपलेलं नाही. मग दुकानात नंबर दिला तर काय आभाळ कोसळतं?

काका, एका नंबराने आभाळ कोसळत नाही हे खरं, पण मुलाची बाजूही ऐकून घ्या. तुम्ही औषधाच्या दुकानात नंबर देता, चष्म्याच्या दुकानात देता, लॅबमध्ये रक्त तपासायला देता, कपड्यांच्या दुकानात पॉइंट्ससाठी देता, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याकडे थोडीशीच माहिती आहे. पण नंबर सगळीकडे तोच असतो ना, म्हणजे तो दोऱ्यासारखा सगळ्यातून जातो, आणि ज्याच्या हातात हे सगळे मणी विकत घ्यायची ऐपत आहे त्याला तुमची शुगर किती, कमाई किती, नातवंडं आहेत का, सगळं एका ओळीत दिसतं. मग इन्शुरन्सचा फोन नेमका कसा येतो याचं नवल वाटत नाही.

आणि नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २०२३च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने स्पष्ट सांगितलंय की बिल करण्यासाठी ग्राहकाच्या नंबराची सक्ती करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. काउंटरवरची मुलगी म्हणेल सिस्टीम पुढे जात नाही, तिचा बिचारीचा दोष नाही, तिला तसंच शिकवलेलं असतं. तिला शांतपणे सांगा की नंबराशिवाय बिल कर, नाहीतर मॅनेजरला बोलव.

आता तुमचा खरा मुद्दा, सरकारकडे आहेच ना. इथे मला तुमच्याशी जरा भांडायचंय. दुकानाला तुम्ही नाही म्हणू शकता, शेजारच्या दुकानात जाऊ शकता. सरकारला नाही म्हणता येत नाही. रेशन हवंय, पेन्शन हवीय, मुलाला दाखला हवाय, तर माहिती द्यावीच लागते, आणि दुसरं सरकार शेजारच्या गल्लीत नसतं. ज्याच्यापुढे आपण नाही म्हणू शकत नाही त्याने आपली माहिती जास्त जपायला पाहिजे, कंपनीपेक्षा कितीतरी जास्त, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे मात्र उलटं चाललंय.

उदाहरण देते. गाडी घेतली की आरटीओत नोंद होते, ती कुणालाच चुकत नाही. २०१९ साली केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने धोरण काढलं आणि गाड्यांच्या आणि लायसन्सच्या नोंदी कंपन्यांना ठोक भावाने दिल्या, वर्षाला ३ कोटी रुपये असा दर होता. यातून साधारण ६५ कोटी रुपये मिळाल्याचं मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं. म्हणजे नोंद आपण कायद्याने केली आणि पैसे देऊन ती वापरली तिसऱ्याच लोकांनी, आणि आपल्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं, पण दिलेली माहिती परत कशी येणार? मग २०२२ मध्ये रेल्वेची तिकिटं विकणारी सरकारी कंपनी आयआरसीटीसी, तिने प्रवाशांच्या माहितीतून कमाई कशी करता येईल यासाठी सल्लागार नेमायचं टेंडर काढलं, ओरड झाली तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द केलं. तेव्हा सरकार एकीकडे आणि कंपन्या एकीकडे आणि मध्ये भिंत, असं काही नाहीये काका. भिंतीला दारं आहेत आणि ती आपल्याला न विचारता उघडतात.

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मध्येच तो येतो. केस घातली होती पुट्टस्वामी नावाच्या निवृत्त न्यायमूर्तींनी, आधारच्या विरोधात. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ला, पाच जणांच्या खंडपीठाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की सरकारी अनुदानं, योजना आणि पॅन यांच्यासाठी आधार चालेल, पण बँक खातं आणि मोबाइलसाठी सक्ती नाही, आणि खासगी कंपन्यांना आधार मागायची मुभा देणारा भाग कोर्टाने काढून टाकला. लोकांना वाटलं सुटलो. पण २०१९ला कायदा दुरुस्त करून 'स्वेच्छेने' म्हणून ते परत आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलून खासगी संस्थांना सुद्धा मंजुरी घेऊन आधार पडताळणी करायची वाट मोकळी झाली. त्यामुळे कोर्टाने नाही म्हटलंय एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

मग २०२३ मध्ये डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्यात कंपनीने निष्काळजीपणा केला तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, ऐकायला जबरदस्त वाटतं. पण तो दंड जातो सरकारी तिजोरीत, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला एक रुपया मिळत नाही. आधीच्या आयटी कायद्यात कलम ४३ए आहे, त्यात निदान कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते, ती तरतूद काढून टाकायचं या नव्या कायद्यातच लिहिलंय. आणि सरकारला काय? केंद्राने अधिसूचना काढली की सुरक्षा, सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी एखादी सरकारी यंत्रणा अख्खीच या कायद्यातून बाहेर काढता येते. अनुदान, दाखले, योजना यांच्यासाठी माहिती वापरताना तर नव्याने संमती विचारायची सुद्धा गरज नाही. हे मला पटत नाही आणि कधी पटेल असं वाटत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कायद्याचा मुख्य भाग लागू व्हायला तिथून १८ महिने, म्हणजे २०२७चा मे उजाडणार.

तेव्हा काका, मुलाचं ऐका, मॉलमध्ये नंबर देऊ नका. आणि मुलालाही सांगा, जेवढा तो मॉलवर चिडतो त्याच्या दुप्पट सरकारी पोर्टलवर चिडायला हवं.

प्रश्न (कांदिवली पूर्व): आम्ही नुकतंच भाड्याने घर घेतलं. लिव्ह अँड लायसन्सचा करार करायला एजंट घरी मशीन घेऊन आला, अंगठे घेतले, फोटो काढले. आधी ब्रोकरने व्हॉट्सअॅपवर आधार, पॅन, सॅलरी स्लिप, ऑफिसचं आयकार्ड सगळं मागून घेतलं होतं. आठवड्याभरात इंटरनेटवाले, पाण्याच्या फिल्टरवाले, पॅकर्स, सगळ्यांचे फोन सुरू. रजिस्ट्रेशन ऑफिसमधून माहिती जाते का? आणि नवरा म्हणतो आपला करार कुणीही ऑनलाइन बघू शकतो, हे खरं का?

तुमच्या नवऱ्याचं बरंचसं खरं आहे. आपल्याकडे दस्त नोंदणी झाली की त्याचा इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराचा सारांश निघतो आणि तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर शोधता येतो. हे आजचं नाही, १९०८च्या नोंदणी कायद्यातच लिहिलंय की स्थावर मालमत्तेच्या नोंदीची वही आणि तिचा इंडेक्स फी भरून कुणालाही बघता येईल. त्यामागचं कारण चांगलं आहे, एकच फ्लॅट दोघांना विकला जाऊ नये, घेणाऱ्याला आधीचे व्यवहार तपासता यावेत. पेपरात येतं ना, अमुक नटाने वांद्र्यात इतक्या कोटींचं घर घेतलं, इतकी स्टॅम्प ड्यूटी भरली, ते असल्याच दस्तांवरून काढलेलं असतं. पण १९०८ साली बघायचं म्हणजे माणसाने स्वतः ऑफिसात जाऊन, फी भरून, कारकुनासमोर बसून जाडजूड वही चाळायची. आता एखादा घरबसल्या हजारो नोंदी गोळा करू शकतो. कायदा तोच राहिला आणि बघणाऱ्याचा आवाका बदलला. जुन्या कित्येक इंडेक्स टूवर पक्षकारांचे पॅन नंबर अख्खेच्या अख्खे छापलेले आहेत, घर कुणाच्या नावावर आहे ते कळायला पॅनची काही गरज नसताना.

पण फोन जे येतायत ते बहुतेक तिथून नाहीत, कारण इंडेक्स टूवर मोबाइल नंबर छापत नाहीत. विचार करा, नंबर कुणाकुणाकडे होता? घरं शोधायच्या साइटवर तुम्ही टाकला, तिथून पाच ब्रोकरांना गेला, एकाने करार केला, त्याने एजंटला पाठवला. नवीन घरात राहायला येणारं कुटुंब म्हणजे इंटरनेटवाल्याला आणि फिल्टरवाल्याला सोन्यासारखं गिऱ्हाईक, त्यामुळे अशा याद्या विकल्या जातात. तुमच्या केसमध्ये नेमकं कुणी दिलं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण संशय घ्यायचा तर आधी या साखळीवर घ्या.

आता करायचं काय ते बघा. पोर्टलवर नोंदणीसाठी आधारची पडताळणी लागते, ती चुकत नाही. पण ब्रोकरच्या व्हॉट्सअॅपवर पूर्ण आधार पाठवायचं काहीच कारण नाही. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात, ब्रोकरला तेवढं पुरतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, पण ती जबाबदारी मालकाची आणि मुंबई पोलिसांच्या साइटवर ऑनलाइन भरता येते, म्हणजे त्या नावाखाली ब्रोकरने तुमची कागदं वर्षानुवर्षं स्वतःच्या फोनमध्ये ठेवायची गरज नाही. त्याला सांगा डिलीट कर, आणि सांगितल्याचा मेसेज लिहून ठेवा.

आणि हे मात्र आजच करा. आधारच्या अॅपमधून किंवा साइटवरून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचे ठसे वगैरे, लॉक करून टाका. काही राज्यांत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांची नक्कल करून, आधारवरून पैसे काढायच्या सोयीतून लोकांच्या खात्यातले पैसे गेले, ओटीपी येत नाही, बँकेचा मेसेज आला की मगच कळतं. लॉक असेल तर अंगठा चालतच नाही. पुढच्या करारात अंगठा द्यायची वेळ आली की थोड्या वेळासाठी उघडायचं, काम झालं की परत बंद. तिथेच आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची हिस्टरी पण दिसते, ती अधूनमधून बघत जा.

प्रश्न (लालबाग): माझ्या भावाने अॅपवरून दहा हजारांचं कर्ज घेतलं, हप्ता चुकला तर त्यांनी त्याच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून शिव्या घातल्या. आमचे नंबर त्यांना कसे मिळाले?

भावाने अॅप टाकताना कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली असणार, घाईत आपण सगळेच ओके दाबत जातो. पण परवानगी दिली म्हणून ते कायदेशीर होत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की कर्जाच्या अॅपने फोनमधले कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटो-फाइल्स यांना हात लावायचा नाही, केवायसीपुरता कॅमेरा, माइक, लोकेशन वगैरे एकदाच, तेही विचारून. म्हणजे ज्यांनी नातेवाइकांना फोन केले ते एकतर नियम मोडतायत किंवा रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत. १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर पण टाका. आलेले कॉल, मेसेज काही डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आणि भावाला घरात बोलणं बसत असेल तर ते थांबवा, तो आधीच घाबरलेला असणार.

प्रश्न (गोरेगाव पश्चिम): मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गेटवर अॅप बसवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद होते. कमिटीने ठरवलंय की सगळ्या कामवाल्या मावशींची आधारची कॉपी घेऊन अॅपवर टाकायची. दोन मावशींनी नकार दिला, त्यांना कामावर येऊ द्यायचं नाही असं काही मेंबर म्हणतात. योग्य काय?

त्या दोघींचं बरोबर आहे, आणि त्यांना अडवू नका. पोलीस व्हेरिफिकेशन हवं असेल तर ती माहिती पोलीस स्टेशनला द्यायची असते, सोसायटीच्या कपाटात किंवा अॅप कंपनीच्या सर्व्हरवर नाही. गेटवर काय लागतं? नाव, फोटो, फोन नंबर, कुठल्या घरांत काम करते. आधारच्या आकड्याने वॉचमनला माणूस ओळखता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही मेंबर आहात, तुम्हाला अॅप आवडलं नाही तर एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, उभं राहून बोलता येतं. मावशींना एजीएम नाही. नाही म्हटलं तर चार घरांचं काम जातं. वर मुलुंडच्या काकांना सरकारबद्दल जे लिहिलं तेच इथे लागू आहे, समोरचा नाही म्हणू शकत नसेल तर मागणाऱ्याने हात आखडता घ्यायचा. २०२३चा कायदा पूर्ण लागू झाला की अॅपवर माहिती गोळा करणारी सोसायटी पण त्यात येईल, फक्त अॅपवाली कंपनी नाही. संमती घेताना काय घेतोय आणि कशासाठी ते सांगावं लागेल, आणि ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी मागेल त्या भाषेत. म्हणजे मावशींनी मराठीत मागितलं तर मराठीत द्यावं लागेल. २०२७ची वाट कशाला बघताय, आत्ताच एक मराठी-हिंदी कागद करा.

कंपनीला पण लेखी विचारा: जुना भाडेकरू गेला की त्याच्या नोंदी कधी पुसता, पाहुण्यांचे फोटो किती दिवस ठेवता, मेंबरांचे नंबर जाहिरातींना वापरता का. उत्तर टाळलं तर करार रिन्यू करू नका, वहीत नोंद करणारा वॉचमन काही वाईट नव्हता.

प्रश्न (अंधेरी): विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणारं डिजियात्रा सरकारी आहे की खासगी?

चांगला प्रश्न, कारण नाव ऐकून सगळ्यांना ते सरकारीच वाटतं. चालवते एक ना नफा तत्त्वावरची कंपनी, त्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आणि बाकीचा मुंबईसकट पाच मोठ्या विमानतळांच्या कंपन्यांचा. चेहरा दिला नाही तरी प्रवास होतो, सक्ती नाही. रांगेत कुणी फोटो काढायला बोलावलं तर नको म्हणा आणि साध्या रांगेतून जा.

प्रश्न (चेंबूर): मी बऱ्याच वर्षांपासून माहिती अधिकारात अर्ज करतो. आमच्या वॉर्डातल्या एका कामाच्या ठेकेदाराची आणि सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांची माहिती मागितली, तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारली. सामान्य माणसाची माहिती विकली जाते आणि साहेबांची मात्र गुप्त, हा काय प्रकार?

तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) पूर्वी असं होतं, की वैयक्तिक माहिती तेव्हाच नाकारायची जेव्हा तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा उगाच कुणाच्या खासगीपणावर घाला येत असेल, आणि त्यातही मोठं जनहित असेल तर द्यायची. शिवाय एक सुंदर ओळ होती, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारायची नाही. २०२३च्या त्याच माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं छाटलं आणि उरलं फक्त, वैयक्तिक माहिती असेल तर देणं बंधनकारक नाही. कायद्याचा मुख्य भाग २०२७ पर्यंत थांबलाय, पण हा बदल मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू केला. कशाची घाई होती ते यावरून दिसतं. ज्या महाराष्ट्रात केंद्राच्या २००५च्या कायद्याआधीच राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता तिथल्या माणसाला हे जास्त लागतं.

खासगीपणाचा हक्क माणसासाठी आहे, खुर्चीसाठी नाही. अधिकाऱ्याच्या घरचा पत्ता, त्याच्या मुलीची शाळा, त्याचा आजार, हे कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये. पण त्याने सरकारी कागदावर केलेली सही ही त्याची वैयक्तिक गोष्ट कशी?

मार्ग अजून आहे. कलम ८(२) शाबूत आहे: जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते, अपवादात बसत असली तरी. तेव्हा अर्जातच कलम ८(२) लिहा आणि जनहित काय ते चार वाक्यांत ठोस मांडा, कुठलं काम, कुठला रस्ता, किती रकमेचं टेंडर, काय बिघडलं. कलम ४ पण वापरा, त्यात कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या गोष्टी आहेत, अधिकारी-कर्मचाऱ्यांचा मासिक पगार, अनुदानाचे लाभार्थी, परवाने आणि सवलती मिळालेल्यांचे तपशील वगैरे. ते 'वैयक्तिक' म्हणाले तर त्यांना त्यांचंच कलम दाखवा. आणि माणसाबद्दल विचारण्यापेक्षा कागद मागा, म्हणजे अमुक अधिकाऱ्याची माहिती द्या असं न लिहिता, अमुक कामाची वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका, बिलं आणि त्यावरच्या टिपणीची प्रत द्या असं लिहा. घरचा पत्ता, फोन, बँक खातं झाकून बाकीचं द्या, हे स्वतःच लिहून टाका, कलम १० मध्ये तशी सोय आहे आणि नकाराचं एक कारण आधीच संपतं.

नकाराचं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, तिथून पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पत्र पोस्टाने आलं असेल तर पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख अपिलात लावायला लागते.